ढगोबाचं माप

तीर्थरूप ताईच्या पायी धाकट्याचा दंडवत.

तुझं पत्र पोचलं. हाताचं प्लास्टर निघालं, बोटं वळायला लागली आणि त्या बोटांनी पहिलं पत्र तू मलाच लिहिलंस, हे पाहून फार बरं वाटलं. (अक्षर जरा उतरणीला लागल्यासारखं दिसतं, पण हात धड होता तेव्हाही ते तसंच होतं, त्यामुळे काळजी नको.) इकडे मी खुशाल आहे. गुडघा थंडी पडली की कुरकुरतो आणि वाढली की भांडतो, एवढंच. दुकान बरं चाललंय. या दिवसांत खिडकीच्या काचेवर धुकं बसतं, त्यात माझ्या इस्त्रीची वाफ, त्यामुळे रस्त्यावरून जाणारी माणसं मला दुपारपर्यंत नुसते रंग म्हणून दिसतात. एक तपकिरी गेला, मग निळा गेला, मग बराच वेळ कुणीच नाही, नुसता बर्फ पडतोय. सुई हातात तशीच राहते आणि मी कुठल्या बाहीला काय जोडत होतो ते विसरून जातो. गेल्या आठवड्यात एका पँटला खिसा आतून शिवला. गिऱ्हाईक भलं माणूस आहे, म्हणालं, राहू दे, चोराची पंचाईत होईल.

असो. तू विचारलंस की ढगोबा एवढ्या थंडीत बरा आहे ना, आणि लिहिलंस की येत्या आठवड्यात त्याला न्यायला येतेस. भाऊजी गेल्यापासून घर खायला उठतं, कुत्रा असला की निदान कुणाशी बोलता तरी येतं, असंही लिहिलंस. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी कुत्र्याची हकीकत, कारण ती तुला माझ्याकडूनच कळलेली बरी. शेजारची बेकरीवाली सांगेल ती तिखटमीठ लावून सांगेल.

तू पायरीवरच्या बर्फावर घसरलीस आणि ढगोबाची रवानगी माझ्याकडे झाली, त्या दिवशी मी त्याचं अंथरूण हीटरला चिकटून घातलं. आपल्या परीने पाहुणचार. तो त्यावर बसला, जीभ बाहेर काढून धापा टाकल्या, उठला आणि मागच्या दाराशी जाऊन माझ्याकडे बघत राहिला. दार उघडलं तर अंगणात, बर्फाच्या मधोमध बसला. आत आणलं, पुन्हा बाहेर. आता तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? मी आयुष्यभर माणसांना हिवाळ्याचे कपडे शिवले. गावातली निम्मी थंडी मी अडवून धरलीये असं मी मनातल्या मनात समजतो. (कुणाला सांगत नाही.) आणि शिंप्याच्याच अंगणात एक जीव उघड्यावर बसलाय, हे काही मला बघवेना. वर आणखी एक गोष्ट मी काचेतून पाहिली. त्याच्या पाठीवर बर्फ साचत होता आणि वितळत नव्हता. म्हटलं, संपलं, याच्या अंगात ऊबच उरली नाही. धावत बाहेर गेलो, तर त्याने एक डोळा उघडला, मला ओळखलं आणि पुन्हा मिटला.

तेव्हा मी टेप काढला. ताई, असं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं. भल्याभल्यांना छाती फुगवू नका म्हणून सांगावं लागतं, मानेचं माप घेताना गुदगुल्या होतात, ट्रायलला लोक पोट आत ओढून उभे राहतात आणि मग घरी जाऊन बटणं तुटली म्हणून भांडायला येतात. हा डोळे मिटून उभा राहिला आणि पाठीचं माप घेता घेता उभ्या उभ्या झोपला. बँकेच्या मॅनेजरसाहेबांच्या ओव्हरकोटाचं चौकड्यांचं कापड उरलं होतं, त्याला मी जाड अस्तर लावलं, पोटाखाली बटणं, मानेला कॉलर. कॉलर तशी गरजेची नव्हती, पण हात वळतो त्याला कोण काय करणार. कोट इतका बेतशुद्ध बसला की मी दुकानाचं दार उघडून त्याला मुद्दाम चौकापर्यंत फिरवून आणला. चौकात नेमके मॅनेजरसाहेब त्यांच्या ओव्हरकोटात उभे. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, मग स्वतःकडे पाहिलं, आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले. अजून दुकानात आलेले नाहीत.

मग तो ओला दिवस आला. धड बर्फ नाही, धड पाऊस नाही, असं काहीतरी आभाळातून गळत होतं. ढगोबा कोटासकट अंगणात बसून राहिला आणि मी बाहीच्या नादात त्याला विसरलो. आत आला तेव्हा कोट पिळून काढण्यासारखा झाला होता. मी तो उतरवला आणि खाली निम्माच कुत्रा निघाला. खरं सांगतो, मघाचा ढगोबा कुठे आणि हा काठीला डोकं लावल्यासारखा प्राणी कुठे! डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही म्हणून टेप लावला, तर छातीचा घेर एवढा कमी, की त्या फरकात एखाद्या लहान मुलाची बंडी निघाली असती. आमच्या धंद्यात माणसावर संशय घेतात, टेपवर घेत नाहीत. मी कटिंग टेबलाला टेकून खालीच बसलो. ताईने धडधाकट कुत्रा दिला, भाऊजींची एवढी एकच चालतीबोलती आठवण, आणि ती मी आठवडाभरात झिजवली, हे तिला कुठल्या तोंडाने सांगू, असं मनात येत राहिलं. मी रडलो नाही. पण इस्त्री चालू राहिली आणि एका लेंग्याला त्याचं प्रायश्चित्त घ्यावं लागलं.

पडद्याच्या कापडात गुंडाळून, हातगाडीवर घालून मी त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. वाटेत तो खुशीत इकडेतिकडे बघत होता, मला वाटलं शेवटचं बघतोय. बाईंनी फासळ्या चाचपल्या, माझं टेपाचं गाऱ्हाणं शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, ‘‘अहो, तुम्ही कुत्र्याचं नाही, केसांमधल्या हवेचं माप घेतलंत. कुत्रा तेवढाच आहे, उलट थोडा सुटलाय.’’ मग त्यांनी समजावलं ते असं, की याला वरून रांठ केस आणि आत मऊ लव असं दुहेरी पांघरूण जन्मतःच मिळालंय. त्या लवेत हवा धरून ठेवलेली असते, तीच याची ऊब. पाठीवरचा बर्फ वितळत नव्हता तो आतली ऊब बाहेर सांडत नव्हती म्हणून. माझ्या कोटाने ती लव दाबून टाकली आणि वर ओली ठेवली. याला शिवून काही द्यायचं नाही, आहे तेच नीट ठेवायचं. भिजला की पार कातडीपर्यंत कोरडा करायचा, रोज विंचरायचं, गुंता होऊ द्यायचा नाही आणि केस कापायचे तर मुळीच नाहीत. फक्त पंजाच्या गाद्यांमधले केस तेवढे कातरायचे, तिथे बर्फाचे गोळे धरतात आणि टोचतात. रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकतात ते पायाला झोंबतं, म्हणून फिरून आलं की कोमट पाण्याने पाय धुवायचे. प्यायचं पाणी गोठलंय का बघत राहायचं. अंथरूण जमिनीपासून थोडं उंच, दाराच्या वाऱ्यापासून दूर आणि हीटरपासूनही दूर. बाहेर बसू द्यावं, पण कुडकुडला किंवा पंजे उचलायला लागला की आत घ्यायचं. निघताना त्यांनी विचारलं, कोट कुणी शिवला? मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, शिलाई छान आहे. एवढ्या प्रकरणात माझ्या पदरात पडलेलं चांगलं तेवढंच.

तेव्हापासून कोट उसवून ठेवलाय आणि आमचं बस्तान बसलंय. संध्याकाळी दुकान आवरलं की मी त्याला विंचरतो. कंगव्यातून लव निघते, टेबलाखाली तिचा ढीग होतो, दार उघडलं की तो ढीग आपोआप खोलीभर फिरतो आणि पुन्हा टेबलाखाली येऊन बसतो. मग ढगोबा अंगणात जातो आणि मी खिडकीत. बाहेर बर्फ इतका हळू पडतो की तो पडतोय की अंगण वर चाललंय ते कळत नाही. ढगोबा रस्त्याकडे तोंड करून बसतो. कदाचित भाऊजींची वाट बघत असेल. मी त्याला तसं विचारलंही. तू म्हणायचीस ना, माझ्या तोंडातून शब्द काढायला चिमटा लागतो? आता गिऱ्हाइकं ताटकळतात आणि मी त्याच्याशी बोलत असतो. तो ऐकता ऐकता पांढरा होत जातो, मग उठून अंग झाडतो, आणि आम्ही जेवायला बसतो.

तरी तू त्याला खुशाल घेऊन जा. उगाच भीड धरू नकोस. त्याच्या लवेमुळे माझ्या दुकानातून हल्ली एकही काळा कपडा काळा म्हणून बाहेर पडत नाही. हात जप, गरम पाण्याने शेक, जिना उतरताना कठडा धर. थोरल्यांना नमस्कार सांगायचा तर आता तूच सगळ्यांत थोरली, तेव्हा तो तूच ठेवून घे.

तुझा,
धाकटा

ता. क. वर ‘खुशाल घेऊन जा’ लिहिलंय ते मनावर घेऊ नकोस. तुझ्या पायऱ्यांवर अजून बर्फ असणार, हा ओढणार, आणि नुकत्या जुळलेल्या मनगटाने तू रोज हे अंगणाएवढं अंग विंचरणार कशी? तो इथेच बरा आहे.

ता. क. दुसरं. खरं कारण मनगट नाही. मला एकट्याने जेवायची सवय मोडली. पण तू तिकडे भिंतींशी बोलत असताना मी इकडे कुत्रा ठेवून घेतला तर घास कसा उतरेल? त्याचे दोन भाग करता येत नाहीत. म्हणून तूच इकडे राहायला ये. हिवाळ्यापुरती नाही, कायमची. वरच्या खोलीतले कापडाचे तागे मी खाली आणलेत, खिडकीला पडदे शिवलेत. ढगोबासाठी ये म्हणत नाही, माझ्यासाठी ये.

ता. क. तिसरं. हा हुकूम नाही. तू मोठी आहेस, तुझा शब्द अखेरचा, हवा तेवढा विचार कर, वर्षभर कर. फक्त टेम्पोवाला या रविवारीच मोकळा आहे आणि सकाळीच तुझ्या दाराशी येईल, तेव्हा काचेची भांडी आधी गुंडाळून ठेव. मी आणि ढगोबा पुढे त्याच्या शेजारी बसून येतोय. परतताना तू पुढे बस, आम्ही सामानात बसू.