गेरूची रेघ

आये, आज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन आत आलं, गजांची सावली फरशीवरून सरकत माझ्या पायापर्यंत पोचली आणि मी दचकून घड्याळाकडे पाहिलं. ऐंशी उलटलेल्या बाईला घरी यायला उशीर झाला म्हणून कोण विचारणार आहे? तू गेलीस त्याला किती वर्षं झाली, तरी तुझी ती रेघ काही माझा पिच्छा सोडत नाही.

काळाचौकीच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आपली खोली, तोंड पश्चिमेला, समोर गिरणीची बसकी छपरं. त्यामुळे कलतं ऊन गॅलरीतून सरळ घरात शिरायचं. संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. तुझी सगळी कामं गिरणीच्या भोंग्यावर चालायची, पण आज हरताळ, उद्या मोर्चा, भोंग्याचा भरवसाच राहिला नव्हता. आदल्या थंडीत लालबागला गोळी चालली तेव्हापासून तुझा कशावरच विश्वास उरला नाही. नवा दूधवाला तुला साध्या वेशातला पोलीस वाटायचा. शेजारच्या काकी आपल्या घरातलं बाहेर सांगतात असं वाटायचं. मी तेरा वर्षांची, परळच्या शाळेत एकटी जाणारी, म्हणजे माझ्यावर तर संशय हवाच. गणपती गेले, पाऊस उघडला, आणि एक दिवस मी शाळेतून घरी पोचले त्या क्षणी गॅलरीच्या कठड्याची सावली घरात जिथे पडली होती तिथे तू फरशीवर गेरूने रेघ ओढलीस. "सावली हयसर येवच्या आधी तू घरात व्हयी," एवढंच म्हणालीस.

पंधरा दिवस सगळं ठीक चाललं. मग सावली रेघेच्या पुढे जायला लागली. मी तशीच येत होते, त्याच रस्त्याने, धापा टाकत, तरी दारात तू उभी. "खय होतंस?" शाळेत होते म्हटलं की तू फरशीकडे बोट दाखवायचीस. "सूर्य खोटो आणि तू खरी?" मलाच वाटायला लागलं की माझे पाय वाटेत कुठेतरी रेंगाळतात आणि मला कळत नाही. तू माझं दप्तर हुंगायचीस, चपलांची माती बघायचीस. मग मला राग आला. न केलेल्या गुन्ह्याची बोलणी रोज खायचीच आहेत, तर तो गुन्हा करून तरी बघू, असं म्हणून मी एका संध्याकाळी लालबागच्या नाक्यावरच्या सभेत जाऊन उभी राहिले. घरात मला मोठ्याने बोलायची सोय नव्हती. तिथे घसा फुटेपर्यंत ओरडले, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. त्या दिवशी सावली चुलीपर्यंत गेली होती. तू म्हणालीस, "ह्यो म्हयनो सरलो की शाळा बंद."

मी भूगोलाच्या बाईंपुढे रडले. त्या मला पटांगणात घेऊन गेल्या. तिथे त्यांनी एक काठी रोवली होती आणि दर आठवड्याला त्याच वेळी तिच्या सावलीच्या टोकाशी खूण केली होती. प्रत्येक खूण आधीच्या खुणेच्या पुढे. बाई म्हणाल्या, "अगं, उजेड सरळ जातो, काठी त्याला अडवते, म्हणून सावली. थंडीकडे सूर्य दक्षिणेला सरकतो, त्याची वाट खालून जाते. सूर्य खाली, की सावली लांब. तुझ्या आईला सांग, रेघ जागेवर राहिली, सूर्य राहिला नाही."

मी घरी येऊन सांगितलं, पण तुला नुसतं सांगून पटणार होतं थोडंच! रविवारी तू स्वतः काकींकडून गजराचं घड्याळ आणलंस आणि मी काटे फिरवीन म्हणून ते मांडीवर घेऊन बसलीस. मी सकाळपासून तुझ्या नजरेसमोर. माझी रोजची यायची वेळ झाली तेव्हा सावली रेघ ओलांडून पिठाच्या डब्यावर चढली होती. तू घड्याळ कानाला लावलंस, सावलीवर हात ठेवलास, उठून गॅलरीतून सूर्याकडे पाहिलंस. तोही फितूर निघाला असं तुझ्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग ओलं फडकं घेतलंस आणि रेघ पुसून टाकलीस. "चुकलंय गे चेडवा," म्हणालीस. त्या संध्याकाळी घावणे केलेस, नारळाच्या रसाबरोबर. मी ते मिटक्या मारत खाल्ले, आणि सभेला गेले होते हे सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात भाकरीशेजारी एक अख्खा कांदा यायला लागला, सालासकट, भिजवून पिळलेल्या रुमालात गुंडाळलेला. शिळ्या भाकरीला ओल राहावी म्हणून रुमाल भिजवला असेल, मला काही वावगं वाटलं नाही. रेघ नव्हती, मी मोकळी होते. आठवड्यातून दोनदा तरी नाक्यावर जायचे. एकदा तिथे अश्रुधूर सोडला. डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं, मी भिंत चाचपडत होते, आणि एक बाई ओरडली, "कांदा हाय का कुणाकडं? फोडून नाकाशी धरा, फडकं वलं करा!" मी माझा कांदा मधल्या सुट्टीत खाऊन बसले होते.

लाल डोळ्यांनी घरी आले. तू चुलीपाशी. वळलीसही नाहीस.

"कांदो खय गेलो?"

"खाल्लंय."

दुसऱ्या दिवशी डब्यात दोन कांदे होते.

त्या दोन कांद्यांचा मी आजवर विचार करते आहे. पोरीला भूक लागते असं तुला वाटलं, की एक खायला आणि एक डोळ्यांसाठी? रेघ पुसलीस तेव्हा तुला सगळं माहीत होतं का? मी कधी विचारलं नाही, आता उत्तर देणारं कोणी नाही. हे पत्रही घडी करून पिठाच्या डब्याखाली जाईल. मघाशी लिहिणार होते, तुला माहीत आहे हे मला कळलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी सरळ घरी आले असते. खोटं कशाला लिहू, आये? आले नसते.