भाऊबीजेची पौर्णिमा

राउरकेला
२४ नोव्हेंबर १९७४

ती. बाबांस, लहानूचा सविनय जयभीम वि. वि.

मी इथं खुशाल आहे. तुमची खुशाली तुमच्या हातची पाहिजे, म्हणून हे पत्र तुमच्याच नावानं टाकून राहिलो. मागची दोन्ही पत्रं कौसल्येच्या अक्षरात आली. अक्षर तिचं गोल आहे, नववीत शिकते तर असनच. पण ती 'तब्येतीस जपावे' असं लिहिते. तुम्ही तर 'कांबळ उन्हात टाक, ढेकूण होतील' असं लिहिता.

दुसरी गोष्ट. माझ्या खोलीवरचे चंपतराव, रामटेकचे, दिवाळीले गावी गेले होते. भाऊबीजेले नागपुरात बहिणीकडे आले तर इंदोऱ्याच्या रस्त्यानं त्यांना माय दिसली. मागं ते माझं सामान पोचवाले घरी आले होते, म्हणून ओळखतात. म्हणते, पांढरं लुगडं नेसून एकटी पायी चालली होती, हाक मारली तर थांबली नाही. परत आल्यावर चार दिवस माझ्याभोवती घुटमळले, मग एकदम विचारलं, लहानू, घरी सारं ठीक आहे ना. मी म्हटलं, ठीकच असन.

बाबा, माय आन पांढरं? छप्पन साली दीक्षेले सारी वस्ती पांढऱ्यात गेली, एकटी माय हिरवं नेसून गेली. तिच्या मायले विसाव्या वर्षी विधवेचं पांढरं नेसवलं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. देव नदीत सोडले, पण पांढऱ्याचं भेव काही सुटलं नाही, असं तुम्हीच हसून सांगत होते. मग आता काहून नेसली? आपल्या हातानं दोन ओळी लिहा.

माया आहे तशीच असू द्या.
तुमचा, लहानू


नागपूर
२ डिसेंबर १९७४

ती. दादास, कौसल्येचा सप्रेम जयभीम.

तुझे पत्र मिळाले. बाबांच्या उजव्या हातावर कढत पाणी सांडले म्हणून मी लिहिते, घाबरण्यासारखे काही नाही. आई पौर्णिमा होती म्हणून पांढरे नेसून विहारात गेली होती. भन्तेजींनी दुःख या विषयावर प्रवचन दिले, सर्वांना आवडले.

बाबा सांगतात, कारखान्यात तुझे सलग दोनशे चाळीस दिवस भरत आले आहेत, एकही हजेरी चुकवू नको. पर्मनंट झालास की मग ये. हे त्यांनी दोनदा लिहायला सांगितले आहे.

शेजारच्या इंदुताईंची शेळी व्याली, दोन करडे झाली. एक तुझ्यासारखे सारखे उड्या मारते. चंपतरावांनी भलतेसलते तर्क करू नयेत असे आमचे मत आहे.

लोभ ठेव, संशय ठेवू नको.
तुझी लहान बहीण, कौसल्या


राउरकेला
८ डिसेंबर १९७४

चि. कौसल्येस, अनेक आशीर्वाद.

खोटं लिहाले अक्कल लागते वं. चंपतरावांनी मायले पाहिलं भाऊबीजेले. दिवाळी असते अमावस्येची. दोन दिवसांत पौर्णिमा कुठून उगवली? मी चौथीतून शाळा सोडली, पण चंद्र मलेही दिसतो.

इथं मी खोलीत शिरलो की सारे सरकून जागा करून देतात. चंपतराव मले दोनदा भाजी वाढते. म्हणते, दुःख गेल्या जन्माचं असते, भोगून सारावं लागते. कोपऱ्यावरचा दुकानदार ताराचंद जैन आहे. तो म्हणते, कर्म म्हणजे जिवाले चिकटलेली धूळ, उपास करून झाडायची. वर्षातून आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहते, आन उरलेले दिवस मले सडके कांदे विकते. मी दोघांले म्हटलं, आमचे बाबा सांगतात, दुःखाले कारण असते आन ते याच जन्मात, इथंच शोधाचं असते. तर चंपतराव म्हणे, मग बस शोधत.

तेच करून राहिलो. तुझी तिन्ही पत्रं समोर मांडून बसतो. मले ज्या कारणाचा वहम आहे ते मी लिहीत नाही, लिहिलं तर खरं होईल असं वाटते.

बाबांचा उजवा हात भाजला ना, डावा तर आहे. डाव्या हातानं एक रेघ मारून घे आन पाठव. नाही आली तर मी काय ते समजून घेईन.

रागावलो तरी तुले टाकलं नाही, हे ध्यानात ठेव.
तुझा दादा


नागपूर
१६ डिसेंबर १९७४

चि. लहानूस, आईचे अनेक आशीर्वाद. (दादा, आई सांगते तसे लिहिते आहे. एक अक्षर बदलायचे नाही असा तिने दम दिला आहे.)

बाबू, तुझे बाबा जिवंत आहे. पहिलं हेच लिही म्हटलं मी कौसल्येले.

ते रेघ मारत होते, मीच कागद ओढून घेतला. रेघ काय, कौसल्याही मारन. तुले पटणार नाही. म्हणून खरं सांगते. त्यांच्या छातीत गाठ आहे. दसऱ्यापासून हातमागावर बसणं सुटलं. हात भाजला नाही, हात थरथरते. डाक्टर म्हणते, उन्हाळा निघाला तर निघाला. तुझे दिवस भरेपर्यंत तुले कळू द्यायचं नाही, असं त्यांनी आमच्या दोघींकडून कबूल करून घेतलं होतं. मी आज मोडलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले आहे, राहू दे.

पांढऱ्याचं विचारलं तू. अठरा वर्षं ते म्हणत आले, नेसून विहारात चल, पांढरं म्हणजे स्वच्छ मन, त्यात विधवेचं काही नाही. मी ऐकलं नाही. डाक्टरचं बोलणं झालं तेव्हा मनात आलं, हे गेल्यावर नेसलं तर दाखवू कोणाले? मग स्वतः बाजारात जाऊन आणलं आन भाऊबीजेले नेसली. ते दारात बाजेवर बसले होते. खूप वेळ पाहत राहिले. म्हणे, अंजना, एवढ्याले भेत होतीस? विहारात जाताना रस्त्यानं मी कोणाकडं पाहिलं नाही, म्हणून चंपतरावांची हाक ऐकू आली नसन. आता रोज नेसते. भेव गेलं असं नाही. पण नेसते.

नोकरी सोडून येऊ नको, असं ते म्हणते. मी काही म्हणत नाही.

जेवत जा.
तुझी माय


राउरकेला
२१ डिसेंबर १९७४

ती. बाबांस, लहानूचा सविनय जयभीम वि. वि.

मायचं पत्र पोचलं. दोनशे सोळा हजेऱ्या झाल्या, चोवीस राहिल्या. फोरमनले विचारलं. म्हणे, खंड पडला तर पुन्हा एकपासून. मी म्हटलं, पडू द्या.

लहानपणी तुम्ही मागावर बसून माझ्याकडून पाठ करून घेत होते, दुःख आहे, हे पहिलं सत्य. मी विचारलं होतं, पहिलं हेच काहून? तुम्ही म्हटलं, हे कबूल केल्याशिवाय पुढचं काही सुरूच होत नाही. साऱ्या वस्तीले तुम्ही हे समजावून सांगितलं. आन घरच्या पोराची पाळी आली तर कढत पाणी, पौर्णिमा आन शेळीची करडं.

महिनाभर मी तुम्हाले रोज मनात जाळलं आन सकाळी परत उठवलं. एवढं जड काम मले कोणत्या ठेकेदारानं दिलं नाही. माझं दुःख वाचवाले गेले आन हे दुसरं तयार केलं. याचं कारण मले मागच्या जन्मात शोधावं लागलं नाही. रागानं लिहीत नाही. थोडं रागानं लिहितो.

चंपतराव काही लपवते असा उगाच वहम घेतला. त्यांना काहीच माहीत नव्हतं, ते माझ्यासाठी भेले होते. आता तिकीट काढाले तेच गेले आहे. ताराचंदनं शेरभर गूळ दिला. कांद्याचं मी काही बोललो नाही.

सोमवारच्या मेलनं निघतो. हे पत्र तुमच्या हातात पडन तोवर मी गाडीत असन, म्हणजे नको येऊ असं कळवाले तुम्हाले वेळच मिळणार नाही.

आणखी एक. मी येतो म्हणून उठून बसू नका. दाढी करू नका. बरं वाटते असं म्हणू नका. जसे आहा तसे बाजेवर पडून राहा. मी जवळ बसतो. दुखते तर दुखते म्हणा.

माया मागत नाही, ती आहेच.
तुमचा, लहानू