थोरली, धाकटी आणि खळीचा डबा

ती. ताई,

नमस्कार. (वाकून केलाय असं समज. हल्ली माझी कंबर अर्ध्या वाटेतूनच परत येते.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. हे ‘ठीक’ मला गेल्या आठवड्यात लिहिता आलं नसतं, म्हणून पत्राला उशीर झाला. आता जीव भांड्यात पडलाय, तेव्हा सविस्तर लिहितो. वाचताना पाय खुर्चीवर घेऊन बस, कारण पत्रात पाली आहेत.

पाली म्हटलेलं तुझ्या लेकीला चालत नाही. ‘मामा, ते क्रेस्टेड गेको आहेत,’ असं ठमीने मला तीनदा बजावलं. तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला जाताना ती दोघींना माझ्या दुकानात ठेवून गेली. (तुझ्याकडे का नाही ठेवल्या हे विचारू नकोस. भिंतीवर पाल दिसली की तू शेजारी राहायला जातेस.) एकीचं नाव थोरली, दुसरीचं धाकटी. यात तुझा-माझा काही संबंध नसावा. थोरलीला शेपूट नाही, पाळीव प्राण्यांच्या दुकानातूनच तशी आली असं ठमी म्हणाली. धाकटीला होतं. ‘होतं’ हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय, पण त्याकडे नंतर येतो.

सोबत ठमीने चार पानी सूचना दिल्या होत्या. दोघींना वेगवेगळ्या उभ्या काचपेट्या, कारण त्या चढणाऱ्या आहेत. मी बुकबाइंडर माणूस, उभी ठेवलेली जड वस्तू वाकडी होते हे माझ्या हाडात मुरलेलं. पहिल्याच दिवशी दोन्ही पेट्या आडव्या केल्या. दोघी पानांच्या ढिगाऱ्यात डोकं खाली करून बसल्या आणि ठमीने फोटो पाहून फोनवर माझी हजेरी घेतली. मग रोज संध्याकाळी पेटीत पाण्याचा फवारा. आता ओल म्हणजे आमच्या धंद्याची वैरीण. उभ्या जन्मात मी दुकानात पाण्याचा तांब्या मांडीवर घेऊन बसलो नाही, तो मी आता बांधायला आलेल्या छापील फॉर्मांवर मेणकापड पांघरून फवारे मारत होतो. उन्हात ठेवायचं नाही, शेगडीजवळ ठेवायचं नाही. खाणं सोपं, फळांची तयार पूड पाण्यात कालवून वाटीत द्यायची. अधूनमधून जिवंत रातकिडेही चालतात म्हणे, पण किडे घरात आले तर मी बहिणीकडे जाईन, असं हिने सांगितल्यामुळे तो विषय पुडीवरच मिटला.

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. दुकानातली कुठलीही पूड मी पिशवीत ठेवत नाही, डब्यात ओततो. डबे सगळे एकसारखे आणि एकावरही चिठ्ठी नाही. चिठ्ठ्या लाव म्हणून ही बत्तीस वर्षं कानीकपाळी ओरडते आणि मी बत्तीस वर्षं एकच उत्तर देतो, ‘हाताला कळतं.’ नेमकं त्याच पंधरवड्यात सर्दीने माझं नाक बंद झालेलं.

पहिले आठ दिवस दोघींनी वाटीला तोंड लावलं नाही. नव्या जागी रुसतात, घाबरू नकोस, असं सूचनांत होतंच. पण रोज संध्याकाळी ठमीचा फोन यायचा आणि मी सांगायचो, छान जेवतात. (थापेचं असं आहे, एकदा लावली की तिला रोज पाणी घालावं लागतं.) मनातून मात्र माझं पाणी पाणी होत होतं. ताई, त्यांना पापण्या नसतात गं. जिभेने स्वतःचे डोळे पुसतात आणि मग आपल्याकडे टक लावून बघतात. उपाशी जीव असा बघायला लागला की आपल्याही घशाखाली घास उतरत नाही. मी दोन वेळा जेवण अर्धं टाकून उठलो. हिने विचारलं, तेव्हा अपचन सांगितलं.

नवव्या दिवशी दुपारी ताजी वाटी ठेवायला धाकटीची पेटी उघडली आणि तिने उडी मारली. मी सवयीने झडप घातली, वाऱ्यावर उडालेलं पान धरतो तशी. हातात शेपूट राहिलं. नुसतं राहिलं नाही, वळवळत राहिलं. मी जो ओरडलो त्याने शेजारचा शिंपी कात्रीसकट धावत आला. तोवर धाकटी पसार.

दार बंद करून आम्ही दोघांनी दुकान पालथं घातलं. तू म्हणशील, पालीसाठी एवढं? पण ठमीला तोंड काय दाखवायचं? तिने पोटच्या पोरींसारख्या ठेवलेल्या, त्यातली एक उपाशी आणि दुसरी शेपूट टाकून बेपत्ता. मी खरंच रडलो. शिंप्याने न बघितल्यासारखं केलं, चांगला माणूस आहे.

दिवेलागणीला ही चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. वाळत घातलेल्या पुस्तकांच्या चळतीकडे बोट दाखवून म्हणाली, “ती बघा, तुमची बांधणी चाटतेय.”

एका निवृत्त गृहस्थांचं आत्मचरित्र होतं. (नाव सांगत नाही, धंद्याचा धर्म असतो.) धाकटी त्याच्या पुठ्ठ्याला चिकटून पुस्तकाच्या पाठीवरची चिकटवायची खळ मिटक्या मारत चाटत होती. त्या पुस्तकात इतका रस घेणारा वाचक पुन्हा मिळणार नाही. मग हिने पुस्तक उचलून नाकाशी धरलं आणि म्हणाली, पिकलेल्या केळ्याचा वास येतोय, मी आठवडाभर तेच सांगतेय. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नऊ दिवस मी पालींना खळ वाढत होतो आणि गृहस्थांचं आयुष्य पालींच्या जेवणाने चिकटवत होतो.

पुढच्या क्षणी मात्र पायाखालची जमीन सरकली. कीड लागू नये म्हणून खळीत मी मोरचूद घालतो आणि ते विष, नुसतं जिभेला लागलं तरी. पण महिनाभर मोरचूद संपलेला होता आणि आणायचा मी आळस करत होतो. ताई, लहानपणी आळसासाठी तू मला किती बोललीस, आता ते सगळं परत घे. दुसऱ्या दिवशी दोघींना जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. वजन थोडं उतरलंय, बाकी ठणठणीत, असं ते म्हणाले. शेपूट तेवढं पुन्हा येत नाही. त्या संध्याकाळी दोघींनी वाट्या लख्ख केल्या आणि मी दोनदा भात घेतला. आता दुकानात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे. हिने लावली आणि एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं.

तर असं सगळं क्षेम आहे. भावोजींना नमस्कार, गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता.क. खरं सांगायचं तर पत्र यासाठीच. शेपटाचं ठमीला तू सांग. तू आई आहेस, तुझ्यावर ती फार वेळ रागावणार नाही.

ता.क. २. ते गृहस्थ म्हणजे भावोजी. तुझ्या वाढदिवसाला पुस्तक देऊन तुला चकित करणार आहेत, तेव्हा चकित हो. बाकी प्रती मी नव्याने बांधल्या, पण पहिली प्रत आधीच घरी गेली होती. कपाटात मुंग्या दिसल्या तर भावोजींना बोलू नकोस, प्रत गुपचूप माझ्याकडे पाठव.

ता.क. ३. पाकीट चिकटवणार तोच ठमीचा फोन आला. राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. तर ती हळूच म्हणाली, “मामा, थोरली आली तेव्हा तिलाही शेपूट होतं. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात राहिलं.” मग आम्ही दोघंही इतके हसलो की ही बाहेर बघायला आली. हे आईला सांगू नकोस, अशी ठमीने शपथ घातलीय, तेव्हा तुला हे ठाऊक नाही. आता दोघी अगदी सारख्या दिसतात, म्हणून पेट्यांवरही मी चिठ्ठ्या लावल्या. कशाला, म्हणून हिने विचारलं. म्हटलं, हाताला कळत नाही.