ताईच्या शेडला धोका शून्य

३ जानेवारी, सकाळी ९.
आजपासून बर्ड फ्लूच्या मॉडेलची रोजनिशी. ऑफिसात आकडे कळणारा मी एकटा. बाकीचे जनावरांचे डॉक्टर; कोंबडीची चोच उघडून जगाचं भविष्य सांगणारे. संकल्प: कुठल्या पोल्ट्रीला किती धोका, आठवड्याभरात दशांशासकट.

५ जानेवारी.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तळ्यावरची रानबदकं मॉडेलमध्ये धरा. मी म्हटलं, बदकं डेटा देत नाहीत. हसल्या. अडाण्यांना हसायला काय लागतं!

९ जानेवारी.
मॉडेल तयार. तळ्याकाठची पोल्ट्री: ०.०२. ताईची: ०.००. ताईला फोन केला. "शून्य म्हणजे नक्की ना रे?" असं दोनदा विचारलंन. सख्ख्या भावावर एवढाच विश्वास.

१२ जानेवारी.
तळ्याकाठी दोनशे कोंबड्या मेल्या. मॉडेल चुकलेलं नाही. ०.०२ म्हणजे शून्य नव्हे. साहेबांना हे समजावताना घसा बसला.

१३ जानेवारी.
स्वतः तिथे पाहणीला गेलो. दारात डॉक्टरीणबाईंचा थाट: गमबूट, प्लास्टिकचे झगे, पाय बुडवायला औषधाचा टब. सगळा देखावा. माझे बूट चामड्याचे, नवे. नाही बुडवले. आत पाच मिनिटं तर होतो. येताना ताईकडे डोकावलो, धीर द्यायला. शेडमध्ये फेरी मारली. कोंबड्या टुणटुणीत.

१७ जानेवारी, सकाळी ६.
ताईचा फोन. चाळीस कोंबड्यांनी माना टाकल्या. म्हटलं, थंडी असेल. फोन आपटलान.

१९ जानेवारी.
रिपोर्ट पॉझिटिव्ह. डॉक्टरीणबाईंनी दोन तास चौकशी केली. दोन्हीकडच्या खाद्याच्या गाड्या वेगळ्या, कामगार वेगळे. बदकं ताईच्या बाजूला फिरकतच नाहीत. (म्हणजे बदकांबद्दल माझंच बरोबर!) दोन्ही शेडमध्ये गेलेला माणूस एकच. नावाची जागा रिकामी ठेवून त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, एका घटनेवरून निष्कर्ष काढत नसतात. त्यांनी पेनही पुढे सरकवलं. मी माझं नाव लिहिलं.

२१ जानेवारी.
ताईच्या चार हजार कोंबड्या आज मारल्या. बाकीचे सगळे आत, म्हणून पिशव्या मोजायला मला दारात बसवलं. शंभराच्या पुढे आकडा चुकला. ताई शेजारीच उभी होती. भांडली नाही, रडली नाही.
"एकशे बारा," म्हणाली. "लिही."
मग शेवटपर्यंत तीच मोजत राहिली. मी लिहीत गेलो.