झबलं पोचवण्यास मी समर्थ आहे

१ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा, रान्दीचा, फोन आला. आमच्या नातीचा बाप्तिस्मा पंधरा तारखेला, रविवारी सकाळी अकराला, त्यांच्या गावच्या चर्चमध्ये. धर्मपिता, म्हणजे गॉडफादर, मी. लगेच कॅलेंडरवर तारखेभोवती गोल काढला.

पोरगी सात आठवड्यांची झाली आणि मी अजून तिला पाहिलेलं नाही. मध्ये डोंगर आहे. गुन्वोर, म्हणजे आमची ही, बाळंतपणाला म्हणून ट्रेनने गेली ती तिकडेच रमली.

घराण्याचं झबलं मात्र इकडेच राहिलं. गुन्वोरच्या पणजीने शिवलेलं, पांढरं, लांबलचक. आजवर एकोणीस पोरांचा बाप्तिस्मा त्यात झाला आणि प्रत्येकाचं नाव अस्तरावर दोऱ्याने भरलेलं आहे. विसावं नाव आमच्या छोटीचं. लेस उसवली होती म्हणून ते बोरघिल्ड शिंपिणीकडे दिलंय. रान्दी म्हणाली, बाबा, झबलं शनिवारी दुपारपर्यंत हातात हवं, तुम्ही त्रिग्वेमामाबरोबर या ना, त्याच्या गाडीची चारही चाकं ओढतात. मी म्हटलं, माझ्या गाडीची मागची दोन ओढतात, माणसालाही दोनच पाय असतात. ती हसली नाही. बाळंतिणीला थकवा असतो.

एकतीस वर्षं या खोऱ्यात मी ड्रायव्हिंग शिकवलं. निसरड्या रस्त्यावरचा सक्तीचा वर्ग माझा असायचा. शरद ऋतूत रिटायर झालो, पण ज्ञान रिटायर होत नाही. निश्चय: रोज अर्धा तास सराव, आणि मेहुण्याशी वाद घालायचा नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

वजनाचा प्रश्न निकालात काढला. मागची चाकं ओढणारी गाडी मागून हलकी असली की बर्फात चाकं नुसती गरगरतात. म्हणून डिकीत वाळूची पोती. वर्गात मी दोन सांगायचो. आज सहा टाकली. दोनाने फायदा होतो तर सहाने तिप्पट होणार, पहिलीतलं पोरही सांगेल. वाळू तळघरातली, उन्हाळ्यात तळ्याकाठून आणलेली. जरा ओलसर आहे, पण वजनाला उत्तम.

शेजारचा इंग्वाल्ड कुंपणावर रेलून बघत होता. म्हणाला, हालवोर, वाळू कोरडी घे रे, ओली गोठते. मी विचारलं, गोठली की वजन कमी होतं का? त्याने मान वाकडी करून गाडीकडे पाहिलं. मग म्हणतो कसा, गाडीचं नाक आभाळाकडे गेलंय, दिवे झाडाच्या शेंड्यावर पडतायत, घुबडं शोधायला निघालास की काय? शेतकरी माणूस. सोडून दिलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

निघण्याचा सराव. दुसरा गिअर, क्लच अलगद, पाय लोण्यावर ठेवावा तसा. तंत्र निर्दोष. गाडी आमच्याच फाटकात चाळीस मिनिटं अडकली. दोष फाटकाचा, तिथे उतार आहे. फाटक मीच बसवलं, पण तेव्हा जुलै होता. इंग्वाल्डने ट्रॅक्टरने ओढून काढलं. एक शब्द बोलला नाही. न बोलता माणूस किती बोलू शकतो, अरे बापरे.

७ फेब्रुवारी, शनिवार

टायर तपासले. खाचा निदान तीन मिलिमीटर खोल हव्यात असा हिवाळ्याचा कायदा. पट्टी जरा दाबून धरली की बरोबर तीन भरतात.

बर्फात घसरू नये म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या सापडल्या. आधीच्या गाडीच्या आहेत, एक नंबर लहान. ताणल्या की बसतील. गॅरेजमध्ये हिटर लावून चाकावर चढवून पाहिल्या. अठरा मिनिटांत एक साखळी अर्धी बसली. म्हणजे पद्धत बरोबर आहे, आता प्रश्न उरला तो फक्त अर्ध्याचा. बाहेर थंडीत करून पाहिलं नाही. लोखंडाला थंडी वाजत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज सराव रद्द. बर्फ पडत होता. संध्याकाळी रान्दीशी फोनवर बोललो, तिला निर्धास्त केलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मेहुणा त्रिग्वे कॉफीला आला. दारात पाय आपटून बर्फ झाडत म्हणाला, भाऊजी, शुक्रवारी नऊला निघतोय, शेजारची सीट रिकामी आहे, तुम्ही मांडीवर झबलं घेऊन बसा, मी नेतो. नम्रपणे नाही म्हटलं. चार चाकं ओढणाऱ्या गाडीने माणूस आळशी होतो, हेही समजावलं. ब्रेक काय, सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. घसरायला लागलं की तुझी गाडी आणि माझी गाडी एकच. तो म्हणाला, अगदी खरं भाऊजी, पण थांबायच्या आधी निघावं लागतं ना?

केकचे तीन तुकडे खाऊन गेला. मेहुण्याशी वाद घालायचा नाही हा निश्चय मी पाळला. वाद त्याने घातला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बोरघिल्डकडून झबलं आणलं. खोक्यात पातळ कागद घालून दिलंय. ती म्हणाली, याच्या बाह्या माझ्या आईने दुरुस्त केल्या, लेस मी लावली, डोळे गेले माझे. आणि हालवोर, हे तू त्या तुझ्या गाडीतून नेणार नाहीयेस ना? मी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. गुडघ्यांवर अर्धा तास गेला, पण विषय टळला.

घरी येऊन अस्तर उलटून पाहिलं. रान्दीचं नाव निळ्या दोऱ्यात आहे, तिच्या शेजारी रिकामी जागा. बराच वेळ बघत बसलो.

हवामान: उद्या दुपारपासून डोंगरावर वादळ. उत्तम. सकाळी सहाला निघायचं, वादळ उठेपर्यंत मी पलीकडे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

८.२० निघालो. फाटक. (इंग्वाल्ड.) खोका शेजारच्या सीटवर, बेल्ट लावून.

९.३५ त्रिग्वेने मागून येऊन पुढे काढली. हात केला. या लोकांना घाई फार.

१०.५० घाटाच्या पायथ्याशी. अडसर खाली. वादळ वेळेआधी आलं, याला मी काय करणार? आता बर्फ हटवणाऱ्या ट्रकच्या मागे, रांगेनेच वर सोडणार. त्रिग्वे चौथा. मी तेरावा.

११.१५ ट्रकवाली एकेक गाडी तपासत आली. बघतो तर मार्गित! माझी विद्यार्थिनी. निसरड्याचा वर्ग मी तिला चार वेळा करायला लावला होता. फार आनंद झाला. मला.

म्हणाली, सर, फावडं? म्हटलं, आहे. म्हणाली, दाखवा. फावडं पोत्यांच्या खाली, आणि पोती रात्रीतून गोठून एकमेकांना चिकटलेली. मी म्हटलं, आहे, फक्त दिसत नाही. साखळ्या? आहेत. मग लावा, म्हणाली, बसल्या तर एक वाजताच्या रांगेत घेते, आत्ता नाही. आणि सर, तुम्हीच सांगायचात ना, मनात शंका असेल तर घाट चढायचा नाही? तो नियम शिकाऊंसाठी होता. तसं तिला सांगितलं. तिने वहीत काहीतरी लिहिलं.

त्रिग्वे वाऱ्यातून चालत आला. भाऊजी, गाडी इथे लावा आणि चला, अजून जागा आहे. मी नाही म्हटलं. बरं, निदान झबलं तरी द्या. मी खोका छातीशी धरला आणि सांगितलं, झबलं आणि मी बरोबरच पोचू. तो म्हणाला, तीच तर भीती आहे. गेला. अडसर उठला, बारा गाड्या गेल्या, अडसर पडला.

१२.५० साखळ्या बसल्या! एक पूर्ण. दुसरी तारेने बांधली, आणि तार चाकाच्या आतल्या अंगाला वळवली. मार्गितने बाहेरून पाहिलं, ठीक आहे म्हणाली. बाहेरून ठीकच होती.

२.१५ हे डोंगरावर लिहितोय. हात आखडलेत म्हणून अक्षर असं.

रांगेत दोनच नियम. पुढच्या गाडीचे लाल दिवे नजरेआड होऊ द्यायचे नाहीत, आणि काही झालं तरी थांबायचं नाही. अडीच किलोमीटर दोन्ही पाळले. मग पहिलं मोठं वळण. मागे सहा पोती, त्यामुळे पुढची चाकं रस्त्याला जेमतेम टेकलेली. मी स्टिअरिंग फिरवलं. रस्ता वळला. गाडी नाही. नाक बर्फाच्या भिंतीत, आणि तारेची साखळी तुटून कुठे गेली ती देव जाणे.

घाबरलो नाही. चाकाखाली वाळू टाकायची, एवढंच. डिकी उघडली. सहा दगड. पाना मारला, ठणठण वाजले. मागे अकरा गाड्या खोळंबल्यात. एक बाई वाकून वाकून वाऱ्यातून आली आणि काचेवर टकटक करून म्हणाली, आजोबा, छातीत वगैरे दुखतंय का? नाही म्हटलं. मग ती म्हणाली, मग हे काय चाललंय? असलं बोलणं मी माझ्या वर्गात खपवून घेतलं नसतं.

३.३० मार्गित ट्रक वळवून परत आली. टॉर्च मारून चाक पाहिलं. आतल्या बाजूची तार पाहिली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, सर, तुम्ही? तुम्ही असं केलंत?

म्हणाली, तुमची गाडी वाटेत सोडता येत नाही, रांगेच्या शेवटी येणारा ट्रक ती खाली ओढून नेईल आणि आत स्टिअरिंग धरायला तुम्हीच लागणार. बाकीच्यांना मी पलीकडे सोडते, मग हा रस्ता रविवार दुपारपर्यंत बंद. मी विचारलं, उद्या सकाळी एक फेरी? फक्त माझ्यासाठी? नाही म्हणाली.

खोका तिच्याकडे दिला. दिला म्हणजे, पुढे केला, पण हात सुटेनात. तिने एकेक बोट हळूच सोडवलं. म्हणाली, त्रिग्वेला फोन केलाय, तो पलीकडच्या अडसरापाशी थांबलाय, तासाभरात त्याच्या हातात देते. मी म्हटलं, बेल्ट लाव त्याला. म्हणाली, लावते सर. डोळ्यांत पाणी आलं. वारा होता, पण वाऱ्याने नव्हे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पायथ्याच्या लॉजवर मुक्काम. रस्ता बंद. ट्रेनचं स्टेशन उलट्या दिशेला, आजची गाडी चुकली, उद्याची पोचते संध्याकाळी. स्की घालून जाता येईल का असं लॉजवाल्या बाईंना विचारलं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आणखी एक वॅफल वाढला.

काल नेमकं काय चुकलं याचा शांतपणे विचार केला. वळण फार अचानक आलं. मार्गितचा ट्रक फार जोरात होता. साखळ्यांचे नंबर बदलणारे कारखानदार. इंग्वाल्डने वाळूचं जरा ठासून सांगायला हवं होतं.

रान्दीचा फोन: झबलं काल संध्याकाळीच पोचलं, इस्त्री झाली, छोटीला छान बसतं. म्हटलं, देवाची कृपा. आणि उद्या धर्मपिता नाही, त्याचं काय करणार? ती म्हणाली, बाबा, तुम्ही नीट जेवा, उद्या बोलू.

दुपारी तार आठवली. तार मी आत वळवली होती. ती कुणी वळवायला सांगितली नव्हती.

१५ फेब्रुवारी, रविवार

११.०० कोट-टाय घालून लॉजच्या जेवणघरात बसलो. पाण्याचा ग्लास समोर होता. आत्ता तिच्या डोक्यावर पाणी घालत असतील, असं वाटलं आणि उभा राहिलो. बाईंनी विचारलं, काही हवंय का? काही नको होतं.

१२.४० रान्दीने फोटो पाठवला. झबलं जमिनीपर्यंत लोळतंय. पोरगी रडतेय, तोंड एवढं उघडून. त्रिग्वेने धरलंय तिला, नीट धरलंय, मानेखाली हात देऊन. त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. मी तिथे नाही, एवढंच दिसत राहिलं.

१.१५ फोन केला. सगळं सुरळीत झालं म्हणाली. मी म्हटलं, त्रिग्वेला बिचाऱ्याला आयत्या वेळी धर्मपिता म्हणून उभं राहावं लागलं, पाद्रीबाई काही बोलल्या नाहीत ना? मागून गुन्वोरचा आवाज आला, सांगून टाक त्यांना. मग रान्दी म्हणाली, बाबा, आयत्या वेळी नाही, चर्चच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याचंच नाव छापलंय.

विचारलं, पत्रिका छापल्या कधी?

बुधवारी, म्हणाली.

म्हटलं, अगं, बुधवारी तर मी घरातून निघालोसुद्धा नव्हतो!

म्हणाली, हो बाबा, पण सोमवारी तुम्ही फोनवर म्हणालात ना, माझी सगळी तयारी चोख झाली आहे, आता अजिबात काळजी करू नका? तो फोन ठेवल्याबरोबर आईने छापखान्याला फोन केला.