वाडीच्या तोंडाशी तुमचं नाव

सासूबाई, तुमचं नाव बोर्डावर लागलं. वाडीच्या तोंडाशी, निळ्या अक्षरात, खाली एक हसरं बाळ. तुम्ही जन्मात हसला नाहीत, पण बाळ हसतंय. बोर्ड लावणारी माझी नात. तिला न्हाऊमाखू घातलं मी, तिची आई नोकरीला जायची तेव्हा कडेवर घेऊन वाडीभर हिंडले मी, आणि नाव लागलं तुमचं. तुम्ही तर तिला पाहिलंही नाहीत, ती जन्मायच्या कितीतरी आधी गेलात. मला किती झोंबलं ते घरात सांगायची सोय नाही, म्हातारीला काय कमी पडलंय म्हणतील. म्हणून तुम्हालाच लिहिते. चौथीत शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आहे, लावून घ्या.

सगळं तुमच्या त्या खड्ड्यावरून झालं. माझा थोरला बसायला लागला होता, चालत नव्हता, रांगत मात्र विंचवासारखा सुटायचा. बावखल जवळच, तळ्याचं पाणी काठोकाठ, आणि मोगरा उजाडायच्या आत खुडून व्हायला हवा. तुम्ही केळीखाली त्याच्या काखेएवढा खोल खड्डा खणता, तळाला सुकी पानं, कडेला गोणपाट, आणि पोराला त्यात उभं करून मोकळ्या होता. मी चांदीपची, भाताच्या गावातली. आमच्याकडे पोराला झोळीत घालतात. मला वाटलं, ही बाई माझं पोर पुरतेय. तो रडला की मी टोपली टाकून धावायची आणि तुम्ही नुसतं बघायचात. तेवढ्यानं माझे पाय थांबायचे.

मग तुम्ही त्याच्याशी बोलायला लागायचात. बाई गं, काय ते बोलणं. ही सायली, हा मोगरा, तो बघ भारद्वाज, आज दादरला फुलाला भाव नाही, तुझ्या आजोबाची ढोपरं दुखतात. हात कळ्यांवर आणि तोंड पोराकडे. माझ्याशी मात्र पाणी आण, चूल पेटव, एवढंच. माझ्याबद्दलचं सगळं तुम्ही त्यालाच सांगायचात. ‘तुझ्या आईला मीठ कळत नाही रे. आणि पानी म्हणते ती, तू पाणी म्हण हो.’ मी पलीकडच्या ओळीत वाकलेली, सगळं ऐकतेय. पोटच्या पोराचा मला हेवा वाटायचा, सासूबाई. खड्ड्यात उभा राहून तो एवढं ऐकून घेत होता आणि मला मेलीला कुणी विचारत नव्हतं.

हे सगळं मी नातीला लहानपणापासून सांगत आले, तुमचं गाऱ्हाणं म्हणून. दुसऱ्या मुलींना राजा-राणीच्या गोष्टी, हिला तुमच्या. पुढे ती वालीवला एका कारखान्याच्या ऑफिसात लागली. तिथल्या बाया तान्ही पोरं खोलीत मोठ्या बहिणीच्या गळ्यात टाकून कामावर येतात, हे पाहून तिचं डोकं फिरलं. नोकरी सोडली आणि आपल्याच वाडीत खुडायला येणाऱ्या बायांच्या पोरांसाठी खड्डे खणले. आता तळाला वाळू, वर जाळी, आणि बाजूला एक ताई, जी आयांना काम करता करता बाळाशी बोलायला शिकवते. लहान पोरांसाठी कुणी नवीन काही काढलं तर मुंबईची एक संस्था पैसे देते. त्याला ग्रांट म्हणतात. त्यासाठी हिनं अर्ज केला. माझ्या गाऱ्हाण्यातून पोरीनं पद्धत काढली, आणि पद्धत कुणाची? पणजीची.

संस्थेची माणसं बघायला येणार त्या सकाळी मला म्हणते, ‘आजी, आज तोंड सांभाळ.’

‘मग काय, तुझ्या पणजीची आरती ओवाळू?’

‘ओवाळू नको. नुसतं वाईट बोलू नको. नोकरी सोडलीय मी. हे नाही मिळालं तर नुसते खड्डे उरतील.’

आली माणसं. त्यातली एक बाई चांगली होती, चक्क उकिडवी बसली वाळूशी. सारखं नावीन्यपूर्ण, नावीन्यपूर्ण. मी मनात म्हटलं, माझे दात होते तेव्हाचा खड्डा हा, नवीन कसला. मग तिनं मलाच विचारलं, सासूबाई बाळाशी एवढं बोलायच्या, तर तुमच्याशी किती बोलत असतील ना? नात चपलेकडे बघत उभी. सांगण्यासारखं माझ्याकडे किती होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सगळं ओठाशी आलं होतं. पोरीची मान बघितली आणि म्हटलं, ‘माझ्याशी नाही बोलायच्या. बोलायच्या बाळाशी, ऐकायचे मी.’

ती बाई वाळूशेजारून उठली. मग नातीला म्हणाली, आयांनाही यातून काही मिळतं हे तुम्ही अर्जात लिहिलंच नाहीत. नातीनं लिहिलं. ग्रांट मिळाली. पेढा माझ्या तोंडात घालून म्हणते, पणजीनं मिळवून दिलं बघ. पेढा गिळला मी, दुसरं काय करणार.

पण एक गोष्ट तिला मी कधी सांगितली नव्हती. एकदा धुक्यात तुम्हाला वाटलं मी लांब आहे. का जवळ आहे हे ठाऊक होतं, देव जाणे. पोराला म्हणालात, ‘तुझ्या आईचा हात हलका आहे हो. कळी दुखवत नाही.’ मी तिथेच उभी राहिले, पाय हलवला नाही, तुमचं बोलणं तुटेल म्हणून. त्या दिवसापासून खड्ड्याजवळची ओळ मी कुणाला दिली नाही. पुन्हा तसं काही बोलला नाहीत ते सोडा.

परवा नवीन आलेली एक पोरगी खुडत होती, भेदरलेली, कुणाशी बोलेना. तिची लेक खड्ड्यात. मी गोणपाटावर बसले आणि त्या बाळाला म्हटलं, तुझ्या आईचा हात हलका आहे हो, कळी दुखवत नाही. पलीकडे खुडणं थांबलं. आईनं वर पाहिलं नाही, पण मला कळलं. मागे नात उभी होती. म्हणाली, ‘आजी, काय सुंदर बोललीस. कुणाचं गं हे?’

हा कागद उद्या फुलांच्या पुड्याला जाईल, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. मी म्हटलं, ‘कुणाचं म्हणजे? माझंच.’