शेंड्यावरचं एक संत्रं

१४ डिसेंबर, रविवार संध्याकाळ

ट्रेनिंगला सुटी होती. संत्र्याच्या बागा आहेत म्हणून एकटीच जपानमधल्या या छोट्या गावात आले. एका आजीबाईंनी सगळी फळं उतरवली होती, पण प्रत्येक झाडाच्या शेंड्यावर एक संत्रं ठेवलं होतं. कशासाठी? मोबाईलने त्यांचं उत्तर मराठीत दाखवलं: झाडाला पुढच्या वर्षीची आठवण राहावी म्हणून.

तिथूनच अंजनगावला बाबांना फोन लावला. आपणही असंच करू, हे सांगायचं होतं. शेतकीची पदवी घेतली ती आमच्या संत्र्याच्या बागेसाठीच.

"बाग तं मंगळवारीच उपटून काढली, माय. डिंक्या रोग बुडापर्यंत गेल्ता."

"मले सांगितलं काहून नाही?"

"एवढ्या दूर गेली तू. तुले कायले रडवू?"

"एक तरी झाड ठेवलं?"

"मशीन आली, दोन तासांत झालं." मग म्हणाले, "तिकडची संत्री गोड हायेत का?"

"आपल्यावाणी नाहीत, बाबा."

इकडे येण्याआधी डिंक्यावर औषध सांगायला मीच उशीर केला का? शेंड्यावरच्या त्या एका संत्र्याचं बाबांना सांगितलंच नाही. आजीबाईंनी दिलेलं संत्रं समोर आहे. अजून सोललंसुद्धा नाही.